झोपलेलं दूध

आमच्या कुंभिवलीत बबनकाकांसमोर ‘पावडर’ हा शब्द काढायची सोय नाही. “पावडर तोंडाला लावतात रं. हे दूध हाय, झोपलंय. उठवावं लागतं.” मी मुकाट ऐकतो, कारण चहा त्यांच्याच हातचा हवा असतो.

काकांचा जन्म दुधाच्या कारखान्यात गेला, त्यामुळे कपाबरोबर कारखानाही पोटात घ्यावा लागतो. आधी दूध तापवायचं. मग बंद भांड्यातली हवा खेचली, की ते कमी आचेवरच उकळतं आणि न करपता बासुंदीसारखं आटतं. त्याचा बारीक फवारा उंच टाकीत वरून सोडायचा, गरम हवेत. थेंब खाली येईस्तोवर पाणी उडतं आणि तळाला भुकटी पडते. “फक्त पानी गेलं. बाकी हाय तिथंच हाय.”

उठवायची रीतही ठरलेली. पाणी कोमट, तेही आधी चमचाभर, नीट घोटून मग बाकीचं. “एकदम ओतलंस की गुठळ्या.”

शेजारच्या घरात काकांचे थोरले भाऊ, नामदेवदादा. ते म्हशीवाले. त्यांच्या घरच्या पूजेला काकांनी हौसेने याच दुधाची खीर केली, तर दादा भर पंगतीत म्हणाले, “बबन्या, पाव्हण्यांना चुना पाजतोस?” झालं! बोलणं बंद. तेव्हापासून काकांनी पानाला चुना लावणंही सोडलं. बिनचुन्याचं पान काय डोंबल लागतं? पण खात होते बिचारे, आणि दादांच्या दाराकडे बघत होते.

परवा मी काकांकडेच बसलो होतो. दादांकडे पोरीला बघायला पाहुणे आले होते, म्हैस आटलेली, दुकान बंद. दादा रिकामं पातेलं घेऊन काकांच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “बबन्या, जरा दूध उठव रं.”

भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकत होता की माणूस! काका एवढंच म्हणाले, “बस दादा. पानी कोमट होऊ दे.” आणि चमचाभर पाणी घालून दूध घोटू लागले. तोंडातून कारखान्याचं अवाक्षर नाही.

दादा पातेलं घेऊन गेल्यावर मी चिडलोच. एवढ्या वर्षांनी भाऊ आला आणि तुम्ही गप्प?

डोळे पुसत काका म्हणाले, “एकदम ओतलं की गुठळ्या होतात रं.”

पोरगी पसंत पडली. संध्याकाळी काका दादांच्या ओट्यावर पान खात बसले होते, चुना लावून.