अंगाई सरांचा अणू

"मला एक वाटाणा दे," अंगाई सर म्हणाले.

बायको स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "एकच?"

"एकच, पण गोल बघून दे. लोखंडाच्या अणूचं केंद्रक करायचंय."

"घ्या, माझ्या भाजीत तेवढंच कमी होतं," असं म्हणत तिने एक टपोरा वाटाणा निवडून त्यांच्या तळहातावर ठेवला. सरांनी तो रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि एक उसासा सोडला. सर कुठल्याही कामाची सुरुवात उसाशानेच करत, त्यामुळे तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

अंगाई सर हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. सर रसायनशास्त्र शिकवत, आणि त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं, की फळ्यावर प्रोटॉन निघेपर्यंत पहिला बाक पेंगायला लागे, न्यूट्रॉन येईपर्यंत मधल्या रांगा गारद होत, आणि इलेक्ट्रॉन बिचारे फिरायला निघत तेव्हा त्यांच्याकडे बघायला कुणी जागं नसे. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तर हजेरी दिली की जी डोकं टेकायची, ती थेट घंटेलाच उठायची. तिचं नाव सरांनी मनातल्या मनात जांभई ठेवलं होतं. फिट्टंफाट झाली म्हणा, पण आपलं नाव सरांच्या मनाला लागायचं. लागलं तरी सांगणार कुणाला? सरांनी दुःख सांगायला सुरुवात केली की ऐकणाराही पेंगायचा.

त्यातच मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"तपासणीच्या बाई येणार आहेत. या खेपेला तुमचा वर्ग झोपलेला दिसला, तर तुमची रवानगी भांडार विभागात. मोडकी बाकं मोजायची आणि जुने नकाशे झटकायचे. मग वर्ग नाही की फळा नाही. मी काही करू शकणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

सरांना शिकवणं जमत नसेल एक वेळ, पण शिकवण्यावाचून दुसरं काही त्यांना आवडतही नव्हतं. चार रात्री त्यांनी छताकडे बघत काढल्या आणि पाचव्या दिवशी त्यांना उमगलं, की दोष आपल्या आवाजाचा नाही, पुस्तकातल्या चित्राचा आहे. चित्रात मधे बोराएवढं केंद्रक आणि बोटभर अंतरावर इलेक्ट्रॉन. साफ खोटं! केंद्रक वाटाण्याएवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन पार पुलापर्यंत जायला हवेत. आणि वर्गात मुलं सव्वीस, लोखंडाच्या अणूत इलेक्ट्रॉनही सव्वीस. योगायोग म्हणतात तो असा.

बाई त्या दिवशी दुपारी यायच्या होत्या. तोंडघशी पडायला नको म्हणून सरांनी सकाळच्या तासालाच तालीम घ्यायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि ते बरं झालं असतं.

"आज वर्गाबाहेर जायचंय," सर म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सव्वीसच्या सव्वीस मुलांचे डोळे दिसले. जांभईचे डोळे तपकिरी होते, हेही त्यांना त्याच दिवशी कळलं.

दोघं फाटकापाशी, आठजण बेकरीच्या गल्लीत, चौदाजण पोस्टाच्या चौकात, आणि बाहेरच्या कक्षेत दोघंच, पुलाजवळ. पुलाच्या पायऱ्यांपाशी जांभई, दुसरा पुलाच्या पलीकडच्या टोकाला.

"सर, तिथे जाऊन बसायचं का?"

"नाही, फिरत राहायचं. इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाही."

"दोघं मिळून फिरलो तर चालेल?"

"दोघांवरही ऋण भार आहे. एकमेकांपासून लांब राहायचं."

"आम्ही राहतोच," दोन मुली एकदम म्हणाल्या. त्यांचं महिन्याभरापासून फाटलं होतं.

"आणि नीट ऐका. बाहेरून ऊर्जा मिळाल्याशिवाय इलेक्ट्रॉन आपली कक्षा सोडत नाही. कुणीही काहीही सांगो, माझी शिट्टी वाजली की ती तुमची ऊर्जा. तोवर परत यायचं नाही."

वर्ग रिकामा झाला. सरांनी टेबलाच्या बरोबर मध्यावर वाटाणा ठेवला आणि ते दोन पावलं मागे सरकले. रिकामी बाकं, मधे एवढासा हिरवा ठिपका. त्यांना अगदी भरून आलं. पोरं लांब पोचायला पुरेसा वेळ गेल्यावर त्यांनी खेळाच्या सरांकडून आणलेली शिट्टी खिडकीतून फुंकली.

ही शिट्टी त्यांनी आदल्या दिवशी बंद खोलीत वाजवून बघितली होती, तेव्हा कानठळ्या बसल्या होत्या. आता ती बाहेरच्या मालमोटारींच्या घरघरीत कुठल्या कुठे विरली. फाटकापाशी असायला हवेत ते दोघंसुद्धा फिरत फिरत शाळेमागे गेले होते. सरांनी पुन्हा फुंकली. गाल दुखेपर्यंत फुंकली. एकही इलेक्ट्रॉन फिरकला नाही. आजवर मुलांनी सरांचं एक वाक्य मनावर घेतलं नव्हतं, आणि घेतलं ते नेमकं हे.

आता धावतच जावं म्हणून ते वळले, तर दारात मुख्याध्यापक, आणि त्यांच्या मागे तपासणीच्या बाई.

"बाई लवकर आल्या," मुख्याध्यापक म्हणाले. मग त्यांना वर्ग दिसला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाईंचे बूट धुळीने माखले होते, आणि बऱ्याच वर्षांत कुणी चांगली बातमी दिली नसावी असा त्यांचा चेहरा होता. त्या सावकाश एका बाकावर टेकल्या आणि गुडघा चोळू लागल्या.

"मुलं कुठे आहेत?"

"आहेत," सर म्हणाले.

"कुठे?"

सर जन्मात खोटं बोलले नव्हते, निदान रसायनशास्त्रात तरी. "नेमकं या क्षणी कुठे, ते सांगता येणार नाही. कुठे असण्याची शक्यता आहे, एवढंच सांगता येईल."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. त्यांना एक वाईट सवय होती. घाबरले की हाताला लागेल ते तोंडात टाकायचे. एकदा अर्धा खडू खाल्ला होता. आता त्यांचा हात टेबलावर गेला.

"म्हणजे पळाली?" बाईंनी विचारलं.

"छे, छे. अणूची रचना दाखवतोय. ती सगळी इलेक्ट्रॉन आहेत. केंद्रक इथे आहे, या टेबलावर..." सर वळले. टेबल रिकामं होतं. मुख्याध्यापक चावत होते.

"सर," अंगाई सर क्षीण आवाजात म्हणाले, "तुम्ही लोखंडाचं केंद्रक खाल्लंत."

"मला काय माहीत! मला वाटाणा वाटला!"

"वाटाणाच होता तो."

सरांना डोळ्यांपुढे मोडकी बाकं दिसायला लागली. आता ती मोजायला कुठून सुरुवात करावी, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता.

"पुलापाशी एक मुलगी आहे," बाई अचानक म्हणाल्या. "मी येताना तिथे उतरले. एवढ्या उन्हात एकटीच गोल गोल फिरत होती. म्हटलं, बाळ, शाळेत का नाही गेलीस? तर म्हणाली, मी इलेक्ट्रॉन आहे. मला वाटलं, ऊन लागलं पोरीला. पर्समधलं बिस्किट दिलं. तिने ते खाल्लं आणि पुलाची एक पायरी वर चढली. मी विचारलं, हे काय? तर म्हणते, ऊर्जा मिळाली."

"वर चढली?" सरांनी विचारलं. "ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, हे मी तिला आज नाही सांगितलं. हे मी मागच्या महिन्यात शिकवलं होतं. ती तर झोपली होती!"

बाई उठल्या. "चला, तुमचा अणू गोळा करू."

मग अशी वरात निघाली: पुढे सर, मधे लंगडत बाई आणि मागे पोटावर हात ठेवलेले मुख्याध्यापक. एकेका कक्षेजवळ पोचून सर शिट्टी वाजवत, की पोरं वरातीला जोडली जात. बेकरीवाला फाटकापर्यंत तक्रार घेऊन आला होता. "अहो, आठ पोरं माझ्या दुकानाला घिरट्या घालतायत. मी ओरडलो तर म्हणतात, आम्ही केंद्रकाशी बांधलेले आहोत!" चौकात त्या भांडलेल्या दोघी रस्त्याच्या दोन टोकांना होत्या, आणि एक पुढे सरकली की दुसरी तेवढीच मागे सरत होती. "यांना विज्ञान येतंय की नुसतीच खुन्नस आहे?" बाईंनी विचारलं. सर म्हणाले, खरं सांगायचं तर आपल्यालाही कळत नाहीये. एका मुलाची आई बाजारातून चालली होती, तिने पोरगं उन्हात बघितलं आणि कानाला धरून घरी नेलं. म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी.

"आता आपला आयन झाला, सर," कुणीतरी बाजूने म्हणालं. सरांनी वळून पाहिलं. जांभई होती. शिट्टी ऐकू आली नव्हती, पण पोरांचा घोळका येताना दिसला म्हणून पायरी उतरून आली होती. तोंड उन्हाने लाल झालं होतं.

बाईंनी तिला तिथेच रस्त्यात धरलं. "सांग बघू, अणूत काय असतं?"

"काहीच नाही," जांभई म्हणाली.

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

"म्हणजे, जवळजवळ काहीच नाही," ती विचार करत म्हणाली. "मी तिथे होते ना, तर इतकी जागा मोकळी, बाप रे! लांबवर शाळा, आणि तिच्यात कुठेतरी सरांचा वाटाणा. तो दिसत तर नव्हताच. घरी निघून जावं असं दोनदा वाटलं. पण तो तिकडे आहे हे माहीत होतं, म्हणून नाही गेले. ओढ होती त्याची."

सर चष्मा पुसत राहिले. ज्या वाटाण्याच्या ओढीने पोर उन्हात फिरत होती, तो केव्हाच मुख्याध्यापकांच्या पोटात गेला होता, हे तिला सांगायचा धीर कुणालाच झाला नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुख्याध्यापकांनी ते स्वतः वाचून दाखवलं. इतका चांगला शिक्षक एका वर्गात अडकवून ठेवणं योग्य नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. सरांची नेमणूक मुख्य कचेरीतल्या मार्गदर्शन कक्षात झाली होती. तिथे बसून त्यांनी बाकीच्या शिक्षकांसाठी टिपणं लिहायची.

"आणि वर्ग?" सरांनी विचारलं.

"अहो, वर्ग कसला आता? बढती आहे ही! अभिनंदन!"

"कक्ष कुठे आहे?"

"भांडार विभागाला लागूनच," मुख्याध्यापक म्हणाले. "दाराला दार."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिलाही वाईट वाटलं होतं, पण तिची वाईट वाटण्याची तऱ्हा निराळी होती. "तुम्हाला एक दिवस वाईट शिकवता आलं नाही? एरवी रोज शिकवत होतात ना?"

शेवटच्या दिवशी सर तासाला गेले. मुलं ताठ बसली होती. आज कुठे जायचंय, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सर म्हणाले, आज कुठेही जायचं नाही. मग त्यांनी बदलीचं सांगितलं.

शेवटच्या बाकावरून जांभई उभी राहिली. "सर, तुम्हाला फारच ऊर्जा मिळाली. एकदम अणूच्याच बाहेर."

"हो गं," सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "पण तुला आता बरं. नव्या सरांच्या तासाला जागी राहशील."

"बरं कसलं?" तिचा चेहरा पडला. "घरी जुळी भावंडं आहेत, रात्रभर आळीपाळीने रडतात. आई दमते, मग मीच घेऊन बसते. दुसऱ्या कुठल्याच तासाला मला झोप लागत नाही, सर, सगळे ओरडतात. तुमच्याच तासाला लागते. आणि झोपेत तुमचं ऐकूही येतं." ती क्षणभर थांबली. "आता मी झोपू कुठे?"

कुणी हसलं नाही.

सरांनी तिला खाली बसायची खूण केली. मग ते फळ्याकडे वळले, खडू घेतला, आणि मुळाक्षरं गिरवावीत तसे सावकाश, आपल्या त्याच जुन्या आवाजात मूलद्रव्यं म्हणायला लागले. हायड्रोजन, हेलियम, लिथियम... निऑनपर्यंत पहिला बाक पेंगायला लागला. गंधकापर्यंत मधल्या रांगा गेल्या. सरांनी हळूच मागे वळून बघितलं. जांभईने डोकं टेकलं होतं.

लोखंड आलं, तसा सरांनी आवाज आणखी थोडा खाली आणला. तास संपायला अजून बराच वेळ होता. ते घंटेपर्यंत थांबले नाहीत, पुढे म्हणतच राहिले.