छत्तीसपैकी साडेसतरा

खैरनार नानांनी एकदा माझी आणि त्यांच्या स्कूटरची पत्रिका जुळवली होती. मला दिंडोरीला जायचं होतं म्हणून मी स्कूटर मागितली. नानांनी माझी जन्मवेळ विचारली, स्कूटर शोरूममधून बाहेर पडल्याची वेळ डायरीत पाहिली, दोन्ही संगणकात भरलं आणि किल्ली पुढे केली. "बावीस गुण. जा. पण तिला मंगळ शे, उतारावर जपा."

नानांना जाऊन चार महिने झाले. लिहायला बसलो की आधी हसू येतं, आणि मग पेन थांबतं.

पंचवटीत त्यांचं संगणकीय पत्रिकांचं दुकान होतं. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे गंभीर झाले की बोलण्यात अहिराणी यायची. पत्रिकेचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता, नव्वदच्या सुमारास, आमच्या वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकावरून. मी तिथला ग्रंथपाल. ते पुस्तक त्यांच्याशिवाय कुणी मागितलंच नाही. अर्ध्या पंचवटीची लग्नं नानांनी जुळवली, स्वतःच्या लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "मशीन बिझी होतं."

दुकानात इंटरनेट आलं आणि नाना बिघडले. जगभरातले लोक मिळून दिनदर्शिकेचा एक प्रोग्रॅम फुकट बनवत होते. त्यात नव्या माणसांना घेणार होते आणि प्रत्येकाला तीन महिने एक अनुभवी मार्गदर्शक देणार होते. अर्ज करायचा होता. पण आपल्याला जेवढं येतं तेवढं तिथे पुरेल का, हे नानांना ठरवता येईना. मग त्यांनी तेच केलं जे ते सगळ्या बाबतीत करत. गुण जुळवले.

"ग्रंथपाल, बघा. त्यांचा गण देव, सगळं फुकट वाटतात. माझा मनुष्य, फी घेतो. सहापैकी पाच."

"बरं मग?"

"नाडीत गेलं! त्यांच्या प्रोग्रॅमची भाषा सी, माझ्या प्रोग्रॅमचीही सी. एकनाड. आठपैकी शून्य."

"अहो, भाषा एकच असली तर चांगलंच ना?"

"लग्नात चालत नाही."

बेरीज साडेसतरा झाली. अठरा लागतात. मी म्हटलं, अर्ध्या गुणाकडे काणाडोळा करा. नाना माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी मुलीचं वय चोरायला सांगितलं होतं.

पुढचे पंधरा दिवस माझंही डोकं चालेनासं झालं. अर्जात एक रकाना होता: नवशिका, मध्यम की निष्णात? सोमवारी नाना म्हणत, "इतकी वर्षं प्रोग्रॅम चालतोय, म्हणजे निष्णात." मंगळवारी म्हणत, "पण बरोबर चालतो हे कुणी तपासलं? म्हणजे नवशिका." मला दोन्ही पटायचं. त्यांच्या मार्गदर्शकांच्या यादीतला पहिलाच पोरगा चोवीस वर्षांचा आहे असं कळलं, तेव्हा त्याला 'आदरणीय' लिहावं की 'चिरंजीव', यावर दोन दिवस गेले. त्यांना तिथे घेतलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

शेवटचा दिवस उजाडला. मुदत आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचची. चार वाजता नानांनी इंग्रजी तपासायला मला दुकानात बोलावलं. अर्ज भरलेला होता. 'मध्यम'वर खूण होती. शेवटचा प्रश्न होता, मार्गदर्शकाकडून तुमची अपेक्षा काय? नानांनी लिहिलं होतं, 'मी लिहिलेलं कुणीतरी वाचावं.' एवढंच.

"इंग्रजी बरोबर शे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. मग विचारलं, "नाना, मला दाखवता का तो प्रोग्रॅम?"

"तुम्हाला नाही समजायचा."

"नाही समजला तर विचारीन."

त्यांनी कपाटातून छापील कागदांची लांबलचक घडी काढली आणि काउंटरवर उलगडली. घडी खाली बाकापर्यंत गेली. नाना ओळीवर बोट ठेवून सांगू लागले. मला फारसं कळत नव्हतं, तरी एके ठिकाणी विचारलं, "इथे चार मिनिटं वजा का केलीत?"

नाना थबकले. "पंचांगातला सूर्योदय मुंबईचा. आपल्याकडे चार मिनिटं आधी उगवतो. महिनाभर रोज घाटावर घड्याळ घेऊन उभा होतो मी." मग हळूच म्हणाले, "हे कुणी विचारलंच नव्हतं."

सव्वापाचला मी म्हटलं, "नाना, आधी अर्ज पाठवू या." पाठवायचं बटण त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. "हो, एवढं पान होऊ द्या," ते म्हणाले. पान झालं. त्यांनी पुढचं उलगडलं. माउस मीच का नाही हलवला, कोण जाणे.

पावणेसहाला मी पुन्हा म्हटलं, "नाना, मुदत गेली."

त्यांनी मान वर केली नाही. बोट कागदावरच होतं.

"जाऊ द्या. ही बघा, दोनशे बारावी ओळ. इथे विचारा काहीतरी."