सरपणाचा तलाव

मार्चमध्ये आलेल्या त्या पत्राला एल्डन प्रूइटने उत्तर दिलं नाही, आणि पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

पत्र लार्क काउंटीच्या कर आकारणी कार्यालयाचं होतं. विमानातून काढलेल्या फोटोंत तुमच्या घरामागे पोहण्याचा तलाव दिसतो. नसल्यास तीस दिवसांत लेखी कळवावं. न कळवल्यास तो आहे असं धरून घराचा कर वाढेल.

घरामागे तलाव नव्हता. हिवाळ्यासाठी गोल रचून ठेवलेलं सरपण होतं आणि त्यावर निळीशार ताडपत्री. एवढंच कळवायचं होतं. पण एल्डनने चाळीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली होती, त्यामुळे स्वतःचं एकही वाक्य त्याला धड वाटत नसे. पहिला मसुदा उद्धट वाटला, दुसरा लाचार. तिसरा लिहिता लिहिता तो उठून खिडकीतून बघून आला, न जाणो तलाव असला तर! तीस दिवस संपले तेव्हा सात मसुदे कचऱ्यात होते आणि काउंटीचं पत्र एका जाड पुस्तकात खूण म्हणून बसलं होतं.

कर वर्षाला दोनशे सत्त्याऐंशी डॉलरने वाढला. एल्डनने पहिला हप्ता मुकाट्याने भरला. परक्या माणसाशी बोलण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

पण सरकारी कागद एका टेबलावर थोडाच थांबतो? तो बांधकाम खात्यात गेला. तिथून हुकूम आला : तलावाभोवती चार फुटी कुंपण आणि कुलपाचं फाटक हवं. पत्र लिहिण्यापेक्षा कुंपण घालणं सोपं, असा विचार करून एल्डनने तेही घातलं.

शेजारची विल्मा हॉस्किन्स कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिचं घर उताराखाली होतं, तीन बाजूंनी वाळलेलं गवत.

"काय रे एल्डन, लाकडं पळून जातात की काय रात्रीची?"

"नियम आहे," एल्डन पुटपुटला.

"लाकडांना कुलूप लावायचा?"

"मोठी गोष्ट आहे ती. सांगेन कधीतरी."

मे महिन्यात डास निर्मूलन खात्याचा रूबेन बादली घेऊन आला. ताडपत्री मधोमध खचून तिच्यात फूटभर पावसाचं पाणी साठलं होतं. रूबेनने ते पाहिलं, हातातला कागद पाहिला.

"मिस्टर प्रूइट, हा तलाव आहे?"

"खरं म्हणजे... नाही."

"मला पण नाही वाटत. पण कागदावर तलाव आहे, आणि पाणी तर डोळ्यांना दिसतंय. मासे सोडावेच लागतील." त्याने बारा गप्पी मासे पाण्यात सोडले. "ताडपत्री हलवू नका हं. मरतील बिचारे."

आता एल्डनला आपलंच सरपण काढता येईना. तो रोज सकाळी खुर्ची टाकून माशांना पाव घालू लागला. कराच्या पैशाचं एवढं तरी सुख.

इथवर सगळं त्याने सोसलं असतं. पण जूनमध्ये अग्निशमन दलाचा प्रमुख ड्वेन कार्ली आला आणि नकाशा उघडून खूश होऊन म्हणाला, "लेका, तलाव बांधलास आणि बोलला नाहीस! टेकडीवर आग लागली की बंब नदीपर्यंत न्यावा लागायचा. आता सरळ इथेच आणू. विल्मेचं घर वाचलं म्हण!"

एल्डनला पुढचं सगळं दिसलं. आग लागणार, बंब इथे येणार, आणि पाण्याऐवजी हाती सरपण लागणार. खाली विल्मेचं घर जळणार, का, तर एल्डन प्रूइटला एक पत्र जमलं नाही म्हणून. तो सांगायला तोंड उघडणार, तोच ड्वेन म्हणाला, "शनिवारी तालीम आहे. बघच!" आणि निघून गेला.

शनिवारी बंब आला, दलातली मंडळी आली, आणि विल्मा बिस्किटांचं ताट घेऊन आली. फाटक उघडलं गेलं. जाड पाइप पाण्यात पडला. ड्वेनने हात वर केला.

"सोडा!"

"थांबा!" एल्डन ओरडला. तो इतक्या जोरात ओरडू शकतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "मासे आहेत आत!"

ड्वेनचा हात वरच राहिला.

"आणि तलाव नाहीये," तो हळूच म्हणाला. "सरपण आहे." त्याने ताडपत्रीची कडा उचलून दाखवली.

ड्वेनने लाकडं पाहिली. "म्हणजे आग विझवायला मी इथून जळण भरून नेणार होतो?"

विल्मा हसता हसता पायरीवर बसली. मग एकदम गंभीर झाली. "आणि माझं घर रे, मेल्या?"

"म्हणूनच ओरडलो," एल्डन म्हणाला.

ड्वेनने नकाशावरचा तलाव तिथल्या तिथे खोडला. मासे विल्मेच्या घोड्याच्या हौदात गेले. सोमवारी विल्मेने एल्डनला गाडीत घालून कर कार्यालयात नेलं.

"एक ओळ लिहायची होती हो," खिडकीमागच्या मिसेस ओडेल म्हणाल्या.

"पहिली ओळच जमत नव्हती."

"तुमच्यासारखे चौदा निघालेत. चौदाच्या चौदा ताडपत्र्या."

एल्डनने धीर केला. "त्या तलावांच्या कराचं... काय केलंत?"

"विमानाचं भाडं दिलं. फोटो काढायला विमान लागतं ना!" त्यांनी कोरा कागद सरकवला. "लेखी द्या. पण पोस्टाने हं, खिडकीवर घेत नाही आम्ही."

समोरच पोस्ट होतं. विल्मा शेजारी उभी असल्यामुळे या वेळी एकच मसुदा झाला :

'माझ्या घरामागे पोहण्याचा तलाव नाही. बारा मासे आहेत. ते काउंटीच्या खर्चाने आलेले असल्यामुळे कृपया परत न्यावेत. शेजारणीचा घोडा पाणी प्यायला घाबरतो.'

एल्डनने तिकीट लावलं आणि पाकीट पेटीत टाकलं. लगेच त्याला वाटलं, घोड्याचं वाक्य आधी घ्यायला हवं होतं. त्याने फटीत हात घालून पाहिला. मनगटाच्या पुढे तो जाईना.