नापाससाहेबांची घरची उमेदवार

लायसन्सच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंगची परीक्षा घेणाऱ्या या गृहस्थांना अख्खं गाव नापाससाहेब म्हणायचं. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं. सख्ख्या बायकोलासुद्धा त्यांनी दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्या खेपेला साहेब तापाने फणफणून घरी पडले होते, तेव्हा तिने दुसऱ्या इन्स्पेक्टरपुढे परीक्षा दिली आणि एका दमात पास झाली. साहेबांनी त्या इन्स्पेक्टरशी महिनाभर अबोला धरला. बायकोला लायसन्स मिळालं, पण गाडीची किल्ली काही मिळाली नाही. दर शनिवारी तिला तिच्या बहिणीकडे साहेबच घेऊन जात.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला समुद्रकाठच्या कड्यांवरून दोन दिवस भटकायचं ठरलं. हॉटेल ठरलं, बॅगा भरल्या, आणि निघायच्या आठवडाभर आधी साहेब बल्ब बदलताना स्टुलावरून आपटले. डावं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

"मी चालवते," बायको म्हणाली.

"कड्यावरचा रस्ता आहे तो, भाजीबाजार नव्हे."

"मग परीक्षाच घ्या माझी. धड पोचवलं तर शनिवारी गाडी माझी. मी एकटी जाईन ताईकडे."

साहेब मिशीतल्या मिशीत हसले आणि हो म्हणाले. माणसं नापास करण्यात आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणि लिहायचा हात तर धडधाकट होता.

एका बाजूला काळाकभिन्न कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली फेसाळणारा समुद्र, आणि मधून वेडीवाकडी वळणं घेत गेलेला रस्ता. साहेब मांडीवर पुठ्ठा आणि त्याला अडकवलेले फॉर्म घेऊन शेजारी बसले.

"समुद्राकडे बघितलंस. एक गुण गेला."

"अहो, समुद्र बघायलाच आलोय ना आपण?"

"तो प्रवाशाने बघायचा. चालकाने रस्ता बघायचा."

"मग तुम्ही बघा की. मघापासून माझ्याकडेच बघताय."

"गाडीबरोबर तोंडही चालवलं," साहेबांनी लिहिलं. "अर्धा गुण."

अकराव्या वळणावर समोरून दुधाचा टँकर आला. रस्ता एवढा अरुंद, की दोघांतल्या एकाने मागे सरकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. साहेब पुठ्ठ्यासकट खाली उतरले आणि एका हाताने वाटेल तसे हातवारे करू लागले. बायकोने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आरशात बघत तिने गाडी मागच्या रुंद जागेत अलगद नेली, टँकरला वाट दिली आणि गाडी पुन्हा साहेबांपाशी आणून उभी केली. साहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. गुण कापायला एकही रकाना सापडेना.

आणि इथेच सवय आडवी आली. ऑफिसात एकाची परीक्षा संपली की साहेब त्याच्या गाडीच्या टपावर दोन थापा मारत. म्हणजे, आता गाडी घेऊन जा आणि निकालाची वाट बघ. मग मागची गाडी पुढे येई आणि साहेब तिचं दार उघडून आत बसत. इथेही फॉर्ममध्ये डोकं घातलेलं असताना हाताने आपणहून टपावर दोन थापा मारल्या. बायको निघून गेली. टँकरमुळे खोळंबलेली मागची गाडी पुढे सरकली. साहेबांनी तिचं दार उघडलं, आत बसले आणि कोरा फॉर्म वर घेतला.

"पट्टा. आरसा. चला."

गाडी एक दाताचा डॉक्टर चालवत होता. तो पांढराफटक पडला. त्याचं लायसन्स शिकाऊ होतं. पक्कं लायसन्स होतं मावशीकडे, आणि तिला गाडी लागते म्हणून त्याने तिला मागच्या सीटवर आडवी केली होती.

"साहेब, चुकलं माझं. मावशी पुढेच बसणार होती."

"बोलू नका. वळणावर हॉर्न."

"कोण रे हा मेला?" मागून आवाज आला.

"तपासणीवाले आहेत, मावशी. तू झोप."

दोन किलोमीटर असे गेले. मग साहेबांनी फॉर्म भरायला घेतला. "उमेदवाराचं वय?"

"एकोणतीस."

साहेबांनी लिहिलं आणि ते थबकले. सकाळची उमेदवार एकोणपन्नास वर्षांची होती. त्यांनी सावकाश मान वळवून शेजारी पाहिलं.

"माझी बायको कुठे आहे?"

डॉक्टरने घाबरून सीटखाली वाकून पाहिलं.

मग सगळा उलगडा झाला. साहेबांचा फोन, पाकीट, गोळ्या, सगळं त्या गाडीत. मावशी ताडकन उठून बसली. तिची मळमळ कुठल्या कुठे पळाली. "बायकोने वाटेत टाकून दिलं? अरे, मग दाब ना जोरात, बघतोस काय."

"पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करा," साहेब म्हणाले.

"वळणावर करत नाहीत, साहेब. पुस्तकात दिलंय."

साहेब ट्रकचं मागचं फळकुट बघत बसले. पहिली तीन वळणं त्यांना नुसता राग येत होता. मग भीती वाटली, की कुठे दरीत तर गेली नसेल? पण ती दरीत जाणाऱ्यांतली नव्हती, हे फॉर्मच सांगत होता. मग मात्र जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. आपल्यावाचून तिचं काहीसुद्धा अडत नाही. शनिवारी जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास ती त्यांच्याशी अखंड बोलायची. आठवड्यात तेवढंच. किल्ली न देण्याचं कारण ते होतं, आणि साहेब इतकी वर्षं त्याला रस्त्याची सुरक्षितता म्हणत आले होते.

"नीट चालवते का हो ती?" मावशीने विचारलं.

"माझ्यापेक्षा बरी," साहेब म्हणाले आणि स्वतःच दचकले.

दीपगृहापाशी त्यांची गाडी दिसली. दोन बसच्या मधल्या जागेत आखल्यासारखी सरळ लावलेली. बायको कठड्यावर चप्पल काढून बसली होती आणि मनसोक्त समुद्र बघत होती.

"अगं, मी खाली राहिलो होतो."

"आरशात दिसलं मला. लोकांच्या गाडीत जाऊन बसलात तेही दिसलं."

"मग थांबली का नाहीस?"

"टपावर थापा पडल्या की मागे वळून बघायचं नाही. दुसऱ्या खेपेला बघितलं, तर तुम्ही नापास केलंत मला."

तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत आला. "साहेब, माझा निकाल?"

"पास," साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले. त्यांच्या हातून इतक्या झटपट आजवर कुणी पास झालं नव्हतं.

"आणि माझा?" बायकोने विचारलं.

"तूही पास. शनिवारची गाडी तुझी." साहेबांनी घसा खाकरला. "पण मी काय म्हणतो, ताईकडे जाताना मलाही नेशील का? गप्प बसेन मी."

बायकोने चप्पल घातली आणि त्यांच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. "आधी हॉटेलपर्यंत मागच्या सीटवर गप्प बसून दाखवा. मग बघू."

हॉटेल चार किलोमीटरवर होतं. तेवढ्यात साहेब नापास झाले.