फळा आणि फाळका

गर्जे गुरुजींच्या वर्गात अ अननसाचा नव्हता. अ अवजाराचा होता. क क्लचचा, ग गिअरचा, ट टायरचा, ड डिझेलचा, न नांगराचा, प पाभरीचा. ष पाशी मात्र त्यांनी पुस्तकाशी तडजोड केली होती. षटकोनच, पण तो ते फळ्यावर काढत नसत. खिशातून ट्रॅक्टरचा एक तेलकट नट काढून पहिलीतल्या पोराच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "मोज बाजू."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, अननसानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"काय न्हाई साहेब. पण हितं त्याला कुनी वळखत न्हाई. शिकायची सुरवात अनोळख्यापासून कशाला करायची?"

"आणि क्लच काय मराठी शब्द आहे?"

"मराठी मानसाच्या पायाखाली असतोय साहेब."

साहेबांनी शेरेबुकात लांबलचक काहीतरी लिहिलं. गुरुजींनी ते वाचलं, त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि बुक मिटलं.

पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमची दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी नगरहून इथे आले तेव्हा पुस्तकांची एक ट्रंक बरोबर होती, आणि वर्गात शांतता असते अशी माझी समजूत होती. गुरुजींचं नाव गर्जे, पण आवाज असा की तिसऱ्या रांगेतल्या पोरांना पुढे झुकून ऐकावं लागे. ट्रॅक्टरचा आवाज काढताना मात्र आमच्या मधली भिंत थरथरायची. थंडीत सुरू न होणारा ट्रॅक्टर, चढावरचा, चिखलात रुतलेला, सगळे त्यांच्या घशात होते. मी कविता शिकवत असे आणि पलीकडून ऐकू येई, "आता मी कंच्या गिअरमदी हाय?"

"सेकंड!"

"आन ट्रॉली?"

"रिकामी!"

पटांगणात ते पोरांचाच ट्रॅक्टर करत. पुढचं पोर इंजिन, मधलं टाच घासत जाणारं ते नांगर, आणि शेवटचं पाभर. पाभरीने मुठीतून बाजरीचे दाणे ओळीत सोडत जायचं. पाऊस बरा झाला तर बाजरी खरोखर उगवे, वाकडी का होईना, आणि झेंडावंदनाला सरपंच ती चुकवत उड्या मारत येत.

अडायचं ते ण पाशी. "ण पाण्याचा," गुरुजी सांगत. आमच्याकडे पाणी कोणी म्हणतच नाही, सगळे पानी म्हणतात. गॅरेजवाल्याच्या सखूने एकदा हात वर केला. "पान्याचा? कंचा पाना गुरुजी, धा-अकराचा का बारा-तेराचा?" गुरुजी इतके खूश झाले की त्या दिवशी ण तसाच राहून गेला.

हे सगळं गमतीचं वाटेल. मलाही वाटायचं, पहिली दिवाळी होईपर्यंत. दिवाळी झाली की आमच्या गावात ट्रॅक्टर येतात, दोन-दोन ट्रॉल्या लावून. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बहुतेक पोरं आईबापांबरोबर त्या ट्रॉलीत बसतात. गावात म्हातारी माणसं उरतात, शेळ्या उरतात, आणि शाळेत आजीपाशी राहिलेली सात-आठ पोरं. पोरं चैत्रात परत येतात ती उंच होऊन येतात आणि वाचायला विसरून येतात. दर वर्षी. ते विसरणं गुरुजींना सहन होत नसे. त्यांची सगळी बाराखडी, सगळे आवाज त्यासाठी होते. पोराच्या नजरेसमोर सहा महिने जे असणार आहे त्यालाच अक्षर बांधून द्यायचं, म्हणजे ते सुटणार नाही, असा त्यांचा हिशेब.

एका दसऱ्याला ते माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, फाळका म्हाईत हाय का?"

फाळका म्हणजे ट्रॉलीचा मागचा लोखंडी दरवाजा. ऊस भरायला लागले की तो काढून ठेवतात. मग हंगाम संपेपर्यंत तो तोडकऱ्यांच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, टेकून उभा असतो.

"सा म्हैने," गुरुजी म्हणाले. "पोरांच्या समोर. अहो, फळाच हाय तो. नुसतं नाव लांबलंय."

ट्रॅक्टरवाले भाऊसाहेब सहजी ऐकेनात. "गुरुजी, फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' हाय. त्यो पुसू व्हय?"

"आशीर्वाद बाहेरून ऱ्हाऊ दे. मी आतून लिव्हतो."

गावचा पेंटर म्हणाला, "आतून कोन लिव्हतं? आत काय ऊस वाचनार हाय?"

"आत पोरं बसत्यात," गुरुजी म्हणाले. भाऊसाहेबांनी फाळका उतरवून दिला. गुरुजींच्या सांगण्यावरून पेंटरने पांढऱ्या रंगात ठळक ओळी काढल्या. नांगर जमीन उलथतो. पाभर बी पेरते. पाणी आले. कोंब आला.

त्या हिवाळ्यात गुरुजी उरलेल्या पोरांना शिकवता शिकवता मधेच थांबत आणि खिडकीबाहेर बघून म्हणत, "आता ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली असंल. पोरं मोकळी असत्याल."

चैत्रात टोळ्या परतल्या, लगोलग परीक्षा आली. गुरुजींच्या दुसरीचे कागद तपासायला मी मदत करत होते. चित्र बघून नाव लिहायचं होतं, पाभरीचं चित्र. पहिल्या कागदावर पोराने लिहिलं होतं 'पा', मग एक छोटं गोल, मग 'भर'. मी लाल पेनने खूण केली. दुसऱ्या कागदावर तेच गोल. तिसऱ्यावरही. सहा कागद तसे निघाले. ही पोरं शेजारी-शेजारी बसली नव्हती, त्यामुळे एकमेकांचं बघून लिहिलं म्हणावं तर तेही जमेना.

मी कागद गुरुजींना दाखवले. त्यांनी ते उजेडात धरले, चष्मा पुसून पुन्हा धरले आणि बाहेर पडले. भाऊसाहेबांची ट्रॉली लिंबाखाली उभी होती, फाळका परत चढवलेला. गुरुजी चाकावर पाय देऊन आत चढले. मीही मागोमाग जाऊन डोकावले. 'पा' आणि 'भ' यांच्या मधोमध फाळक्याच्या बोल्टचं गोल डोकं होतं. पेंटरने ते चुकवून अक्षरं काढली होती. पोरांना ते शब्दातलंच वाटलं होतं.

लग्नपत्रिकासुद्धा शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवणारा हा माणूस त्या बोल्टवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा होता.

वर्गात आल्यावर म्हणाले, "मॅडम, लाल पेन ठेवा." मी टोपण लावलं.

"आमची ताई चार वर्सं तिसरीत बसली. मी आजीपाशी ऱ्हायचो, ती आईबापाबरं उसाच्या फडात, धाकट्याला सांभाळायला. चैतात आली की आधी पाटी घ्यायची मांडीवर. काय लिव्हायची, म्हाईत हाय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"काय न्हाई. पेन्सल धरून बसायची. तिनं चूक सुदिक आनली न्हाई कदी." ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "आजून अंगठा लावती."

त्या सहाही जणांना त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

यंदा दसऱ्याला गुरुजी नगरच्या दवाखान्यात होते. तिथून फोनवर ते पेंटरला फाळक्यावरच्या नव्या ओळींचं एकेक अक्षर सांगत. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सगळा मजकूर पाठ झाला, वेलांट्यांसकट. मी म्हटलं, "गुरुजी, मी जाऊन बघून येते, बोल्ट कुठं येतोय ते." ते म्हणाले, "नगा जाऊ. पोरंच लिहून आनत्याल."

मार्गशीर्षात ते गेले. गाव रिकामं होतं. खांदा द्यायला शेजारच्या वाडीतून माणसं बोलवावी लागली. आठवड्याने फडातून भाऊसाहेबांचा फोन आला. "पोरास्नी सांगितलं मॅडम. लई येळ फाळक्यापाशीच बसून हुती."

पुढच्या आठवड्यात टोळ्या परततील. परीक्षेचे कागद मी आखून ठेवले आहेत. यंदा कोणत्या शब्दात बोल्ट आला आहे, ते मी पाहिलेलं नाही.