बिभीषण मामांचं प्लॅस्टर

नर्सिंग कॉलेजात प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा सुकन्याच्या बिभीषण मामांचे दोन्ही हात धडधाकट होते.

सुकन्या मूळची कुंभारीची. सीईटीच्या अभ्यासासाठी वर्षभर ती जुळे सोलापुरात मामांच्या फ्लॅटवर राहिली, आणि यादीत तिचं नाव लागलं. आता अडलं होतं ते वडिलांच्या, बिरुदेव आबांच्या, सहीवर. आबांच्या मते हा सगळाच उद्योग फुकाचा होता. "सुया टोचाय कालेजात कशाला जायाचं? मी मेंढरास्नी टोचतोयच की!" मामांनी फोनवर तासभर डोकं फोडलं, तेव्हा कुठे आबा परस्पर कॉलेजवर यायला तयार झाले होते.

पण सुकन्याला निराळाच घोर लागला होता. प्रवेशाच्या वेळी मॅडम पट्टी बांधून दाखवायला लावतात, असं एका मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं. सकाळी उठल्याबरोबर ती मेडिकलमध्ये गेली, "हाताला बांधायची चांगली जाड पट्टी द्या" म्हणाली, आणि घेऊन आली. मामी माहेरी दुधनीला गेली होती. घरात पेशंट म्हणून मामाच सापडले.

"मामा, हात असा वर धरा. आशीर्वाद दिल्यासारखा."

मामांनी धरला. पट्टी पाण्यात भिजवायची, असं पाकिटावर चित्रच होतं. सुकन्यानं ती भिजवली आणि पंजापासून कोपराच्या वरपर्यंत नेटानं गुंडाळली.

"सुकन्या, गरम लागतंय गं."

"शेक बसतोय मामा. चांगलं असतं ते."

थोड्या वेळानं मामा म्हणाले, "झालं न्हवं? सोड आता." सुकन्या सोडायला गेली, तर पट्टीचं टोक सापडेना. पट्टीवर टिचकी मारली तर भिंतीवर मारल्यासारखा आवाज आला. तिनं पाकीट उलटून वाचलं. ते हाड मोडल्यावर घालायचं प्लॅस्टर होतं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या चंद्रिकाकाकू विरजण मागायला आल्या. "अगं बाई! भावजी, हे काय झालं?"

"काय न्हाय हो," मामा ओशाळून म्हणाले, "सुकन्यानं केलंय."

काकू विरजण न घेताच माघारी फिरल्या. त्यांनी दुधनीला मामीला फोन लावला. मामीनं रडत रडत कुंभारीला लावला. कुंभारीत बातमी पोचली तोवर भाचीनं मामाचा हात मोडला होता आणि मामा शेवटचं पाणी मागत होते.

इकडे कॉलेजची वेळ होत आली. मामांना स्कूटर चालवायची सोय उरली नव्हती. सुकन्यानं रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं मामांकडं पाहिलं आणि पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही.

"मामू, टेन्शन नक्को लेव. पाच मिनट में दवाखाना."

"दवाखान्यात न्हाय, कालेजात जायचंय!"

"कालेज कल बी रहता, हात नै रहता."

त्यानं रिक्षा थेट दवाखान्याच्या दारात उभी केली. नशीब एवढंच, की नर्सिंग कॉलेज त्याच आवारात मागच्या बाजूला होतं. दारावरच्या मावशींनी मामांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलंसुद्धा. "एक्स-रे डावीकडं," त्या म्हणाल्या. सुकन्यानं खुर्ची ताब्यात घेतली आणि उजवीकडं पळवली.

प्राचार्या रुद्राणी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "पेशंट इकडं कशाला आणलात? अपघात विभाग पुढं आहे."

"मॅडम, पेशंट न्हाईत. मामा हायत माझे." आणि सुकन्यानं सगळं सांगून टाकलं.

"पट्टी बांधून दाखवायची? कुणी सांगितलं तुला? अगं, ते शिकवायलाच तर आम्ही तुम्हाला इथं घेतो." मॅडमनी प्लॅस्टर बोटानं वाजवून पाहिलं. "आत कापूस घातलायस ना?"

"कापूस घालायचा असतो?"

मॅडमनी मामांकडं फार करुणेनं पाहिलं. "दात आवळा," त्या म्हणाल्या.

कोमट पाणी आलं, मोठी कात्री आली. बघायला वरच्या वर्गातल्या पोरीही जमल्या. प्लॅस्टर निघालं, आणि त्याच्याबरोबर मामांच्या हातावरचे झाडून सगळे केस निघाले. हात तान्ह्या बाळासारखा गुलाबी, गुळगुळीत झाला. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पोरींसमोर ते हूं की चूं करत नव्हते.

एवढ्यात आवारात टेम्पो थांबला. एरवी त्यातून मेंढरं जात. आज निम्मी कुंभारी उतरली. सगळ्यांच्या पुढं आबा; कॉलेजच्या आवारातच दवाखाना आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"कुटं हाय माझा मेव्हणा? हात ऱ्हायला का गेला?"

मामांनी गुलाबी हात वर केला. आबांनी तो उलटासुलटा केला, कोपरात वाकवला, चिमटा काढून पाहिला.

"सकाळी मोडला, आन् दुपारी जोडला? साधा वळ बी न्हाय! कुणी केलं ह्ये?"

"सुकन्यानंच," मामा म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आबा, हात मोडलाच नव्हता, मी नुसतं..." सुकन्या बोलायला लागली. पण मामांनी तिच्या पायावर पाय दिला, आणि आबांनीही तिला गप्प केलं.

"ऱ्हाऊ दे पोरी. केलंस ते केलंस. बाई, सही कुटं करायची?"

मॅडमनी बोट ठेवलं तिथं आबांनी ठसठशीत सही केली. सुकन्याचा प्रवेश झाला. खरं काय ते आबांना रात्री घरी सांगू, असं तिनं ठरवलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

तो पुरता बाहेर पडायच्या आत गावचा ईश्वरप्पा रिकाम्या खुर्चीत येऊन बसला आणि त्यानं धोतर गुडघ्यावर घेतलं.

"सुकन्या, ह्यो गुडगा तेवडा बघ की. लई दिस झालं, वाकतच न्हाय."

त्याच्या मागं कुणाची कंबर आली, कुणाचा खांदा आला. मॅडम कपाळाला हात लावून बघत राहिल्या. सुकन्यानं मदतीसाठी आबांकडं पाहिलं. आबा फेटा सारखा करून दारात उभे राहिले होते.

"गलका करू नगा," ते गाववाल्यांना दरडावत होते. "एकामागं एक या. आन् चपला भाईर काडा!"