चुकांचं वाटप

आधी फायद्याचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढे कोणी कुणावर डाफरायचं ते ठरवायला सोपं जाईल. या प्रकरणात मामांना मिळणार होता फक्त सहावीचा वर्ग. तोही नवा नव्हे, होता तोच. हातातून जाऊ नये, एवढंच. माझ्या बायकोला मिळणार होतं मामांच्या चेहऱ्यावरचं हसू. आणि मला? मला मिळणार होती सासुरवाडीत कायमची पत! जावई म्हणून तिथे मी तोवर जेमतेम पास होत आलो होतो, तेही बहुधा कृपागुण मिळून. म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामांचा वर्ग वाचवायचं माझ्यावर सोडा!"

बायको म्हणाली, "सोडलं. पण देवाशप्पथ, भीती वाटतेय."

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. आमच्याच शाळेत सहावीला गणित शिकवतात, मी वरच्या वर्गांना. शाळेत मुख्याध्यापिकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. माणूस सोन्यासारखा, फक्त पोटात उत्तर राहत नाही! प्रश्न फळ्यावर अर्धा लिहून होतो न होतो, तोच उत्तर दुधासारखं उतू जातं. कुणी नुसता हात खाजवायला वर केला तरी मामा त्याला तीन रीतींनी उत्तर सांगून मोकळे!

आणि नेमकी हीच सवय आता नडणार होती. गणिताच्या शिक्षकांना मदत म्हणून एक नवी योजना आली होती. एक मार्गदर्शक बाई येणार, वर्गात मागे बसणार, तास बघणार आणि मग शिक्षकाशी बसून बोलणार. योजना चांगली. पण तिचा पहिलाच नियम असा, की शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही! मुलांना चुकू द्यायचं, चूक फळ्यावर मांडायची, तिच्यावर मुलांनाच वाद घालू द्यायचा. त्यात आमच्या मुख्याध्यापिकांनी आपल्या मनाने एक शेपूट जोडलं: "ज्यांना हे जमणार नाही, त्यांना आपण परीक्षा विभागात बसवू. पेपरांचे गठ्ठे बांधायला."

मामा आणि गठ्ठे! मुलांशिवाय मामा म्हणजे लोलकाशिवाय घंटा. ते घरी आले आणि नुसतेच खुर्चीत बसले. कपात साखर किती विचारलं, तर म्हणाले, "घाल कितीही!" तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझी अडचण वेगळीच आहे हो. एक वेळ मी तोंड शिवून बसेन. पण माझ्या वर्गात कुणी चुकतच नाही! अपूर्णांकांची बेरीज दिली, की सगळे मुकाट छेद समान करतात आणि उत्तर काढतात. चूकच नाही तर चर्चा कशावर करू?"

बघा, उभ्या शिक्षकवर्गात असं रडगाणं कुणी गायलं असेल? मुलं चुकत नाहीत म्हणून रडणारा गणिताचा मास्तर!

"एवढंच ना?" मी म्हणालो. "मग चुका आपण देऊ!"

"देऊ म्हणजे?"

"वाटू! एकेका पोराला एकेक चूक. तासाला ज्याने त्याने आपापली चूक करायची. बाई खूश, तुम्ही वर्गात, मी..." पुढचं वाक्य मी गिळलं.

मामांना ते पटलं नाही. "लबाडी होईल हो."

"मामा, लग्नात फोटो काढताना 'हसा' म्हणतात, ती लबाडी का?"

याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सहावीत जाऊन चुका वाटल्या. गणित ठरलेलं होतं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वर वर बेरीज, खाली खाली बेरीज, म्हणजे दोन छेद पाच. ही चूक सगळ्यांत दर्जेदार, म्हणून ती दिली वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला. तिला नेहमी पैकीच्या पैकी मार्क, म्हणून तिचं नावच 'पैकी' पडलेलं. एक छेद पाच ही चूक दिली 'घाई' नावाच्या मुलाला. याचं उत्तर प्रश्नाआधी येतं. थोडक्यात, लहानपणीचे मामाच! बाकीच्यांना किरकोळ चुका.

पैकी रडायलाच लागली. "सर, मी कधी चुकले नाहीये!"

"मग आता शीक की!"

"पण मला येत नाही चुकायला!"

संध्याकाळपर्यंत प्रकरण शाळेबाहेर गेलं. पैकीचे वडील औषधांच्या दुकानातून तसेच आले, कानावर पेन, हातात कुणाची तरी खोकल्याची बाटली. "सर, माझ्या मुलीलाच चूक का? वर्गात दुसरी मुलं नव्हती?"

"अहो, अवघड चूक आहे. हुशार मुलीलाच देता येते."

"असं होय!" ते एकदम खुलले आणि बाटली हलवत गेले. पण पाठोपाठ घाईची आई! "त्या मुलीला अवघड चूक आणि आमच्याला सोपी? आमचा काय वाटेवर पडलाय?" इकडे वर्गात चुकांचा बाजार भरला होता. कुणी दोन लहान चुका देऊन एक मोठी घेतली, कुणी आपली चूक धाकट्या भावाला दिली. एका मुलाला चूक मिळालीच नाही, तर तो आजीला घेऊन आला!

एवढं निस्तरून मी मामांकडे वळलो. चुकांची सोय झाली, पण मामांच्या तोंडाचं काय? त्यावरही माझ्याकडे नामी युक्ती होती. "मामा, उत्तर जिभेवर आलं, की पाण्याचा एक घोट घ्यायचा. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही!"

"वा, जावईबापू!" मामा म्हणाले. गणिताच्या दोन शिक्षकांनी मिळून आखलेली योजना, आणि मामांच्या जिभेवर उत्तर किती वेळा येतं, त्याला एक घोट याप्रमाणे पाणी किती जातं, हा साधा गुणाकार दोघांपैकी एकानेही केला नाही!

तासाचा दिवस उजाडला. मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. शांत, हसऱ्या, मांडीवर वही. मी मदतनीस म्हणून खिडकीपाशी उभा. मामांनी फळ्यावर गणित लिहिलं आणि लगेच पहिला घोट घेतला.

"कोण सांगेल?"

पैकी उठली. "दोन छेद पाच!" अशा तोऱ्यात, की क्षणभर मलाही तेच बरोबर वाटलं.

मामांनी मोठा घोट घेतला. कसंबसं गिळून विचारलं, "का बरं?"

खरं तर इथे पैकीने "चुकलं वाटतं" म्हणून खाली बसायचं होतं. पण ही पडली पहिल्या नंबराची पोर! चूक करायची तर तीही पैकीच्या पैकी! घरी थोरल्या भावाला हाताशी धरून तिने चुकीची चोख तयारी केली होती.

"माझा दादा फुटबॉल खेळतो," ती म्हणाली. "पहिल्या सामन्यात त्याने दोनदा बॉल मारला, एक गोल झाला. म्हणजे एक छेद दोन. दुसऱ्या सामन्यात तीनदा मारला, एक गोल झाला. म्हणजे एक छेद तीन. मग एकूण पाचदा मारला, दोन गोल झाले. दोन छेद पाच! यात चूक दाखवा!"

निम्मा वर्ग पुटपुटू लागला, "अरे, बरोबरच आहे की!" ज्यांना कालपर्यंत खरं उत्तर झोपेतही येत होतं, तेसुद्धा पैकीच्या बाजूला गेले. मामांनी घोट घेतला. पुन्हा घेतला. बाटली रिकामी झाली, एका मुलीने आपली दिली, तीही त्यांनी संपवली. डोळे बाहेर आले, कपाळावर घाम. मग एकाएकी त्यांनी खडू माझ्या हातात कोंबला, "आलोच!" म्हणाले आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने स्वच्छतागृहाकडे पळाले.

फळ्यापाशी मी एकटा! बाईंनी पेन उचललं.

मी हसून म्हणालो, "हे बघा, गोलांची अशी बेरीज करता येत नाही."

"का?" पैकी.

"कारण ते गोल वेगळे."

"गोल तर गोलच असतात ना, सर?"

"नियम आहे तसा!"

"कुणाचा?"

वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या माणसाची अशी उलटतपासणी! आणि मग, वाचकहो, मी ते वाक्य बोललो, जे त्या योजनेत शिवीच्या बरोबरीचं मानतात. "परीक्षेत हे चालत नाही! उत्तर पाच छेद सहा आहे. लिहून घ्या!"

बाईंचं पेन वहीवर असं धावलं, की मला ते ऐकू येत होतं.

तेवढ्यात घाईचा बांध फुटला. "सर, सर, माझी चूक कधी यायची? तास संपत आला!"

बाईंनी मान वर केली. "तुझी चूक?"

"हो ना! मला एक छेद पाच दिलीय. सगळ्यांना दिल्यात. हिला मोठी दिलीय."

"कुणी दिल्या?"

झाडून सगळ्या वर्गाने एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. एरवी ही मुलं रांगेतसुद्धा एकसारखी उभी राहत नाहीत! परीक्षा विभागातले गठ्ठे माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागले. त्यांच्यामागे सासुरवाडीची सगळी मंडळी, हाताची घडी घालून उभी!

"एक छेद पाच?" पैकी मात्र घाईवर उखडली होती. आपल्या चुकीसमोर दुसऱ्याची इतकी हलकी चूक तिला सहन होईना. "वेड्या, अर्धा ग्लास पाणी आहे. त्यात आणखी ओतलंस. मग पाणी अर्ध्याहून कमी कसं होईल? एक छेद पाच तर अर्ध्याहून..."

ती थांबली. तोंड तसंच उघडं. फळ्याकडे बघितलं. "अय्या! दोन छेद पाचसुद्धा अर्ध्याहून कमीच आहे!"

"मग तुझ्या दादाचे गोल?" घाईने पकडलं.

पैकी ओठ चावत उभी राहिली. मग ती हळूहळू म्हणाली, "दादाने जास्त वेळा बॉल मारला, म्हणून खालचा आकडा वाढला. पण इथे ग्लास तोच आहे. ग्लास कुठे वाढला?"

मामा दारात उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. ते आत आले आणि थेट बाईंसमोर गेले. "बाई, मुलांनी सांगितलं ते खरं आहे. चुका ठरवून दिल्या होत्या. वर्ग माझा, तेव्हा दोष माझा. काय ते माझ्या नावावर लिहा." आणि मग पैकीकडे वळून अगदी वेगळ्याच आवाजात, "पण ग्लासाचं काय म्हणालीस गं? मी निम्मंच ऐकलं. परत सांग ना!"

आणि मामा चक्क पैकीच्या शेजारी बाकावर बसले! ती सांगत राहिली, ते ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांचं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले. पण ते एवढंच म्हणाले, "मग?"

तासानंतर मुख्याध्यापिका घाईघाईने आल्या. "काय मग, मामांना परीक्षा विभागात?"

"छे हो!" बाई म्हणाल्या. "चुका दिलेल्या होत्या, हे वाईटच. पण ग्लासाचं त्या मुलीला कुणी दिलं नव्हतं. आणि ते ऐकायला शिक्षक स्वतः बाकावर बसले. मामा, सहावी तुमचीच. फक्त मधून मधून वर्गाबाहेर जात जा!"

मामा लाजले. शप्पथ सांगतो, कानापर्यंत लाल झाले!

"मदतीची खरी गरज," बाई वही उलटत म्हणाल्या, "या खिडकीपाशी उभे होते त्या सरांना आहे. 'परीक्षेत चालत नाही' असं मुलांना सांगतात!"

तेव्हा आता शेवटचा हिशेब. मामांना सहावी मिळाली. पैकीला चुकायची अशी गोडी लागली, की तिचे वडील दुकान सोडून पुन्हा आले, या वेळी दोन्ही कानांवर पेन! घाईने आपली चूक भर वर्गात मांडली, म्हणून त्याच्या आईचंही समाधान झालं. बायको खूश आहे, पण माझ्यावर नाही, मामांवर. आणि या सगळ्याची भरपाई? ती माझे मोकळे तास करताहेत. ज्यांत मी निवांत चहा प्यायचो ते सगळेच्या सगळे! शिकवायचं कसं ते शिकायला मी आता मामांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. तो बाक सहावीच्या मुलांच्या मापाचा आहे हो, गुडघे मावत नाहीत!